आधी समोरच्याची बाजू

ज्येष्ठेच्या कोठीतले गहू निवडून झाले होते. कनिष्ठेची कोठी अजून तशीच भरलेली होती. सत्यभामाबाई हॉलच्या दाराशी बसल्या होत्या, मांडीवर सूप, पुढ्यात पसरलेलं जुनं लुगडं. महालक्ष्म्यांचं विसर्जन आदल्या दिवशी झालं होतं. तीन दिवस त्या दोघी बहिणी ज्या पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या राहतात, त्यांच्या पोटात धान्य भरायचं, आणि त्या गेल्यावर तेच धान्य निवडून, दळून, पहिल्या पिठाच्या पोळ्या घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीत खायच्या, ही त्यांच्या सासरची रीत. लग्न होऊन जबलपुरात आल्यापासून हे काम त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. पण आज हातच चालत नव्हता. खडा समजून गहू फेकला जात होता आणि खडा सुपात तसाच राहत होता.

कारण दारात गाडी उभी होती.

थोरला श्यामसुंदर नागपूरला बँकेत होता, तिथून नेहमी बसनं यायचा. एक पिशवी, एक डबा, बस्स. या खेपेला तो बायकोला, सुमेधाला, घेऊन गाडीनं आला, आणि सामान उतरवताना सत्यभामाबाईंनी सहज मागे डोकावून पाहिलं तर डिक्की सगळी रिकामी. सणाचे तीन दिवस त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. आरती म्हणताना, सोळा भाज्या चिरताना, सवाष्णींच्या ओट्या भरताना ती रिकामी डिक्की त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

धाकटा अच्युत त्यांच्याजवळ, विजय नगरच्या या घरात राहायचा. वीज कंपनीत होता. त्याची बायको पद्मजा हिला रीव्याच्या कॉलेजात नोकरी लागली, ती उन्हाळ्यातच तिकडे रुजू झाली. सणालाही तिला दोनच दिवस सुट्टी मिळाली होती. काल संध्याकाळी ती परत गेली. अच्युतनं बदली मागितली होती आणि ती मिळालीही. दसरा झाला की तो जाणार. म्हणजे घरात राहणार एकट्या सत्यभामाबाई. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तीन दिवस त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. सण होता ना.

आज मात्र सण नव्हता. रविवार होता.

हॉलमधल्या दिवाणावर दोघं भाऊ समोरासमोर मांडी घालून बसले होते आणि त्यांचे आवाज फाटकापर्यंत जात होते.

"दादा, तुला काही कळून राहिलं का? आजोबाला सॅक्रामेंटोनं द्यायचं काहून? त्याच्यापायी तर लोक मैदानात येतात!"

"लोक येतात, पण मॅच कुठं जिंकतात? गुडघे गेले त्याचे. मेम्फिसला दे, डावरा घे, वर पुढच्या दोन वर्षांची नव्या पोरांतली पहिली निवड माग. चलो, मामला खतम!"

"डावऱ्यासाठी आजोबा? आणि वरून निवडही मागतो? मेम्फिसवाले खुळे आहेत का?"

आता आजोबा आणि डावरा हे कोण, ते सांगायला हवं. दोघंही अमेरिकेतले बास्केटबॉलचे खेळाडू. त्यांची खरी नावं भावांना तोंडपाठ. पण सत्यभामाबाईंची जीभ त्या नावांवर वळेना, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. सॅक्रामेंटोचा तो पिकल्या दाढीचा उंचेला गडी चेंडू टाकायच्या आधी चेंडूशीच काहीतरी पुटपुटतो, म्हणून आजोबा. मेम्फिसचा तो पोरगेला डाव्या हाताचा, म्हणून डावरा. हळूहळू भावांच्या तोंडीही तीच नावं बसली.

तिकडचा खेळ सुरू होतो दिवाळीच्या मागेपुढे. भाद्रपदात सगळं सामसूम. पण खेळ बंद असतो तेव्हाच या दोघांचा खरा हंगाम. कोणत्या संघानं कोणता खेळाडू द्यावा, बदल्यात कोणता घ्यावा, कोण फसला, कोणाचं फावलं. यातलं प्रत्यक्षात काहीच घडत नसे. अमेरिकेतल्या कुण्या मालकाला जबलपूरच्या या दोन भावांचा पत्ता नव्हता. तरी दर रविवारी, एरवी फोनवर आणि दादा आला की समोरासमोर, हे दोघं असे भांडत की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्या कुंदाताई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या होत्या. "सत्यभामाताई, वाटण्या चालल्या का हो घरात?"

"नाही हो," सत्यभामाबाई म्हणाल्या होत्या, "अमेरिकेच्या वाटण्या चालू आहेत. तुम्ही पोळ्या करा."

हा नाद पोरांना त्यांच्या वडलांचा. अंबादासराव फॅक्टरीत फिटर आणि संध्याकाळी बास्केटबॉलचे पंच. सत्यभामाबाई आर्वीहून लग्न होऊन दीक्षितपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आल्या, तेव्हा नवरा दिवेलागणीला पांढरा शर्ट, काळी पँट घालून गळ्यात शिट्टी अडकवून कुठं जातो हे त्यांना कळेना. आठवडाभर त्यांनी वाट पाहिली, मग एकदा डब्याच्या निमित्तानं मागोमाग गेल्या. पाहतात तर सिमेंटच्या मैदानावर दहा ताडमाड माणसं धावताहेत आणि त्यांच्या खांद्याला लागणारा आपला नवरा मधोमध उभा राहून शिट्टी फुंकतोय, आणि ते सगळे गप उभे राहताहेत. घरी येऊन त्यांनी विचारलं, "ते तुमचं ऐकतात काहून?" अंबादासराव हसले. "मी त्यांचं आधी ऐकतो म्हणून."

पुढं विजय नगरला घर झालं, टीव्ही आला, मग अमेरिकेचे सामने दिसू लागले. तिकडची रात्र ती इकडची सकाळ. सत्यभामाबाईंची पूजा आणि सामना एकाच वेळी. इकडे अथर्वशीर्ष, तिकडे इंग्रजीत आरडाओरडा. त्या रागावल्या नाहीत. देवाला ऐकू येतं तेवढं पुरे, म्हणायच्या.

पोरं वाढली तशी भांडणं वाढली, आणि मग अंबादासरावांनी घरात एक नियम घातला. कोणीही अदलाबदल सुचवली की आधी त्यानं समोरच्याची बाजू मांडायची. उगाच नाही, मनापासून. समोरचा 'हो, माझं हेच म्हणणं आहे' असं म्हणेपर्यंत आपल्या बाजूनं तोंड उघडायचं नाही. समोरचा 'अजून नाही' म्हणाला की पुन्हा बोलायचं. मधे तिसऱ्यानं बोलायचं नाही. कोणी नियम मोडला की अंबादासराव शिट्टी वाजवत. ते गेल्यानंतर शिट्टी कपाटात गेली, पण नियम राहिला. शिट्टीच्या जागी सत्यभामाबाई आल्या. त्या सुपावर बोटांनी टकटक करत, तेवढ्यानं भागायचं.

आताही त्यांनी टकटक केली.

"अच्युत. आधी दादाची बाजू."

अच्युतनं तोंड वाकडं केलं. "बरं. दादा म्हणून राहिला की आजोबाचं वय झालं."

"अजून नाही," श्यामसुंदर म्हणाला.

"गुडघे दुखतात, आणि संघाला नवा पोरगा पाहिजे."

"अजून नाही."

"काय अजून नाही? एवढंच तर बोलला तू!"

"नीट बोल ना मग. घाई काहून करून राहिला?"

अच्युतनं पाय खाली सोडले, थोडा विचार केला. "दादा म्हणून राहिला की मेम्फिसला आजोबाला रोज खेळावं लागणार नाही. तिथं मोठे डॉक्टर आहेत, जपणारे लोक आहेत. बाकावर आरामात बसेल. इथं सॅक्रामेंटोत तो एकटा पडला आहे, पडला-धडपडला तर उचलणारं कोणी नाही."

"हो," श्यामसुंदर म्हणाला. "माझं हेच म्हणणं आहे."

आतल्या खोलीत सुमेधा महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात तिथंच थांबला.

सत्यभामाबाईंनी सुपातला एक खडा उचलला. "त्या आजोबाला कोणी विचारलं का?"

अच्युतनं आईकडे पाहिलं आणि नजर खाली केली. "काही काही खेळाडूंच्या करारात तसं असतं आई. त्यांना विचारल्याबिगर कुठं पाठवता येत नाही."

"ह्याच्या करारात आहे?"

"नाही."

"अच्छा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

श्यामसुंदरनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. बँकेत एखादं अवघड बोलणं काढायचं असलं की तो असंच करत असणार. "आई, तू खेळाबद्दल बोलून राहिली का आपल्याबद्दल?"

"मी तर गहू निवडतेय बाबा. काय बोलायचं ते तूच बोल. तीन दिवस झाले, तुझ्या घशात अडकलं आहे."

मग त्यानं बोलायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. अच्युत दसऱ्यानंतर जाणार. घर बंद करायचं. वरची खोली रिकामी आहेच, खालचंही भाड्यानं देता येईल, नाही तर पुढं पाहू. आईची खोली नागपूरला तयार आहे. खिडकी पूर्वेला, देवघर बाजूलाच. सामान आत्ता थोडं न्यायचं, बाकी दिवाळीला. महालक्ष्म्याही अर्थात बरोबर.

"मी ठरवलं आहे आई. उद्या सकाळी निघू."

उद्या सकाळी! दिवाळीनंतर म्हणेल, पौषात म्हणेल, एवढी सत्यभामाबाईंनी मनाशी तयारी केली होती. चार दिवसांनी पौर्णिमा. नर्मदेच्या ग्वारीघाटला पौर्णिमेचं स्नान त्यांनी आजवर फक्त बाळंतपणात चुकवलं होतं. पण ओठांवर आलेलं ते त्यांनी गिळलं. नुसतं 'मी येत नाही' म्हटलं तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. श्याम समजावेल, मग चिडेल, मग डोळ्यांत पाणी आणेल, आणि डोळ्यांत पाणी आलं की त्या हो म्हणतील. आजवर असंच झालं होतं. त्याच्या पाण्यापुढं त्या कधी टिकल्या नव्हत्या.

त्यांनी सुपावर टकटक केली. आवाज जरा जास्तच झाला.

"अदलाबदल तू सुचवली श्याम. आधी माझी बाजू मांड."

"आई, हा काय खेळ आहे का?"

"नियम तुझ्या बाबांचा आहे. खेळापुरता आहे असं ते कधी म्हणाले नव्हते."

अच्युत हसू पाहत होता, पण दादाचा चेहरा बघून ते तोंडातच राहिलं. श्यामसुंदरनं हात झटकला. "बरं, बरं. आईची बाजू. आईला नर्मदामाई सोडवत नाही. ग्वारीघाट, पौर्णिमा, दिवे सोडणं. नागपूरला ते नाही."

"अजून नाही."

श्यामसुंदर चकित झाला. त्याला वाटलं होतं एका वाक्यात काम होईल. "मग... बाबांची आठवण आहे इथं. हे घर त्यांनी उभं केलं. एक एक वीट..."

"अजून नाही."

"शेजार. कुंदाताई, भजनी मंडळ, महाराष्ट्र मंडळातल्या बायका."

"अजून नाही."

"हवा! इथली हवा! नागपूरचं ऊन तुला सोसत नाही!"

"ऊन आर्वीचं काय कमी होतं? अजून नाही."

श्यामसुंदर उठून उभा राहिला. त्याच्या कानशिलावरची शीर ताठ झाली होती, अगदी अंबादासरावांसारखी. "मग आहे तरी काय? सांग ना! माझ्या घरी तुला काय कमी आहे? सुमेधा तुला कधी उलटून बोलली? नातवंडं तुझ्याभोवती फिरतात, डॉक्टर दोन घरं सोडून, तुला पाणी पण उठून घ्यावं लागत नाही!"

"ही तुझी बाजू झाली. मी माझी विचारली."

"मला नाही माहीत!"

बाहेर भंगारवाला हिंदीत ओरडत गेला. श्यामसुंदरनं आपण काय बोललो हे ऐकलं बहुतेक, कारण तो परत दिवाणाच्या कडेला टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "खरंच नाही माहीत आई."

सत्यभामाबाईंना वाटलं, इथंच थांबावं. पोराला इतकं कोंडीत धरू नये. सांगून टाकलं असतं तर सोपं होतं. पण सांगितलं की तो लगेच म्हणेल, 'एवढंच ना? मग तसं करणार नाही आम्ही.' आणि विषय संपेल, आणि उद्या सकाळी गाडी निघेल. त्याला स्वतःला सापडायला हवं होतं.

तेव्हा आतल्या दारातून सुमेधा बाहेर आली. हातात मऊ फडक्यात गुंडाळलेला ज्येष्ठेचा मुखवटा.

"मी बोलू का आई?"

नियमानं तिसऱ्याला बोलता येत नव्हतं. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी सोळा भाज्यांत सतरा प्रश्न विचारते, पण कोणाच्या मधे कधी बोलत नाही.

"एकच गोष्ट बोल. उत्तर सांगू नको."

सुमेधा नवऱ्याकडे वळली. "अहो, मागच्या हिवाळ्यात आई आपल्याकडे होत्या. कोपऱ्यावरच्या बाजारात मेथी आणायला गेल्या होत्या, आठवतं? तुम्ही बँकेतून घरी फोन केला, मुलांनी सांगितलं आजी नाही. तुम्ही स्कूटर काढून सगळा बाजार पालथा घातला."

"मग? काळजी नको वाटायला? नवीन गाव, गर्दी..."

"आणि सापडल्या तेव्हा भाजीवालीसमोर त्यांच्या हातातली पिशवी घेतली. प्रेमानंच घेतली. 'सांगून जात जा ना आई' म्हणालात. त्यानंतर त्या परत येईस्तोवर एकदाही फाटकाबाहेर गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणायच्या, गुडघा दुखतो." तिनं मुखवट्याचं फडकं नीट केलं. "गुडघा नव्हता दुखत. घरात तर जिने चढून राहिल्या होत्या."

सत्यभामाबाईंनी मान खाली घातली. ही सगळं पाहत होती तर!

श्यामसुंदरनं फरशीकडे पाहिलं. मग सुपाकडे, मग कोपऱ्यातल्या कापडी पिशवीकडे, जिच्यात दळण जायचं होतं. बोलायला लागला तेव्हा त्याचा बँकेतला आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"आई म्हणून राहिली की... इथं मला बाहेर जायला कोणाला विचारावं लागत नाही. चप्पल घातली की निघाली. चक्कीवर, भाजीला, घाटावर. कुठं चालली, केव्हा येशील, कोणी विचारत नाही. लग्नाआधी बाप विचारायचा, मग सासू विचारायची. आता कुठं कोणी विचारत नाही. आणि आता पोरगा विचारेल."

"हो," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माझं हेच म्हणणं आहे."

त्यांनी मूठभर गहू उगाच वर-खाली केले. जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. मुलाच्या तोंडून आपलं मन ऐकताना लाजच वाटत होती.

"आता तुझी पाळी," श्यामसुंदर म्हणाला. "माझी बाजू मांड."

त्यांना वाटलं होतं हे सोपं जाईल. लेकराचं मन आईला कळणार नाही का? "श्यामला आईवर जीव आहे."

"अजून नाही."

"आई एकटी राहिली तर आजारी पडेल, कोणी पाहायला नसेल."

"अजून नाही."

"थोरल्याचं कर्तव्य. लोक म्हणतील, दोन दोन पोरं असून म्हातारी एकटी."

"लोकांचं मला काय करायचं आहे! अजून नाही."

एवढ्यात सगळं संपलं? सत्यभामाबाईंनी वर पाहिलं. पन्नाशीला आलेला पोरगा, केस विरळ झालेले, आणि तो एकटक दारातल्या गाडीकडे बघत होता. गाडीकडे नाही, गाडीपलीकडच्या रस्त्याकडे. आणि त्यांच्या लक्षात आलं. अंबादासराव गेले त्या दिवशी सकाळी अच्युतनं नागपूरला फोन केला होता. बाबांना दवाखान्यात नेलं आहे, ये. श्याम लगेच निघाला. पण सिवनीच्या अलीकडे रस्त्यावर ट्रक उलटला होता, तासन्‌तास वाहनं अडकून पडली. तो पोचला तेव्हा अंबादासरावांना न्यायची तयारी झाली होती. त्याबद्दल श्याम कधी बोलला नाही. दोन्ही भाऊ नंतर बरेच दिवस एकमेकांशीही बोलत नव्हते. मग एका रविवारी अच्युतनं फोन करून विचारलं होतं, 'दादा, आजोबाला कोणी मागितलं तर तू देशील?'

सूप बाजूला ठेवून सत्यभामाबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत दिवाणाशी गेल्या.

"श्याम म्हणून राहिला," त्या म्हणाल्या, "बाबा गेले तेव्हा मी सिवनीच्या रस्त्यात अडकलो होतो. समोर ट्रक, मागे ट्रक. मला पुन्हा त्या रस्त्यात अडकायचं नाही."

श्यामसुंदरचे ओठ नुसते हलले. नियमाप्रमाणं वाक्य पूर्ण म्हणायला हवं होतं, पण त्यानं मान हलवली, आणि सत्यभामाबाईंनी ती चालवून घेतली. अच्युत उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा.

आता दोन्ही बाजू मांडून झाल्या होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. अशा वेळी अंबादासराव काय करत? ते म्हणत, ज्यानं अडवलं त्यानं नवी अदलाबदल सुचवायची. नुसतं 'नाही' म्हणून बसून राहता येत नाही. सत्यभामाबाईंना हे आठवलं. आपल्याजवळ देण्यासारखं काय आहे, तेही त्यांना ठाऊक होतं. सुमेधाच्या हातात होतं ते.

"महालक्ष्म्या तुम्ही न्या," त्या म्हणाल्या. "मला इथं राहू द्या."

"आई!" अच्युत वळलाच.

सुमेधानं हातातला मुखवटा छातीशी धरला. त्यांच्या घरात एकदा महालक्ष्म्या दुसऱ्या गावी बसल्या की परत येत नाहीत. पुढं त्यांचं घर तेच. सत्यभामाबाईंच्या सासूनं मरायच्या आधी त्यांच्या हाती मुखवटे दिले होते. तेव्हापासून भाद्रपद म्हणजे या दोघी. बाकीचं वर्ष त्यांना ट्रंकेत झोपवून त्यांची वाट पाहण्यात जायचं.

"ही काय अदलाबदल झाली?" अच्युत चवताळून म्हणाला. "सरासर एकतर्फी! दादाला दोन्ही महालक्ष्म्या, कोठ्या, साड्या, सगळं, आणि तुला काय, रिकामं घर? मेम्फिसवाले पण असं करत नाहीत!"

"मला काय मिळतं ते मला कळतं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दरवर्षी तीन दिवस मी येईन. पाहुणी म्हणून. सुमेधा पुरण वाटेल, मी बसून चुका काढीन. श्यामला मी समोर दिसेन, नंतर परत येईन."

"आई, मला नाही जमणार," सुमेधा पुटपुटली. "दोघींना उभं करायचं, सोळा भाज्या..."

"मला तरी कुठं जमत होतं? पहिल्या वर्षी कनिष्ठेला उजवीकडे उभं केलं मी. सासूबाई अख्खी आरती होईस्तोवर माझ्याकडे बघत होत्या."

श्यामसुंदरनं चष्मा पुसला. या वेळी खरंच ओला झाला होता. "मंजूर नाही," तो म्हणाला. "एवढ्यानं मंजूर नाही. वर काही टाक."

"काय टाकू?"

"पौर्णिमेला घाटावर एकटी जायचं नाही. कुंदाताई सोबत पाहिजेत. आणि सकाळी पूजा झाली की एक फोन. मी विचारणार नाही कुठं चालली. तू फक्त 'आहे' म्हणायचं."

सत्यभामाबाईंनी विचार केला. कुंदाताई घाटावर फार बोलतात, स्नानाचं पुण्य अर्धं त्यांच्या गप्पांत वाहून जातं. पण ठीक.

"कुंदाताई मंजूर. फोन मीच करीन. तू करायचा नाही."

"आणि नाही आला तर?"

"मग तू कर. एकदाच. शिव्या न देता."

"मंजूर."

"अच्युत, तू साक्षीदार," त्या म्हणाल्या. अच्युतनं नाक पुसलं आणि म्हणाला, "मी लिहून देतो, इतिहासातली सगळ्यात वाईट अदलाबदल आहे ही."

"आधी तिची बाजू मांड," श्यामसुंदर म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळे हसले. सुमेधा मात्र हसली नाही. ती मुखवटा छातीशी धरून तशीच उभी होती. सत्यभामाबाई तिच्याकडे गेल्या, फडकं जरा बाजूला सारून त्यांनी ज्येष्ठेच्या कपाळाला बोटं लावली, ती आपल्या कपाळाला लावली आणि फडकं परत झाकलं. काही बोलल्या नाहीत.

मग चौघं कनिष्ठेच्या कोठीभोवती बसले. घरातल्या पुरुषांनी हे गहू निवडायला हात लावलेला आजवर कोणी पाहिला नव्हता. सत्यभामाबाईंनी चालवून घेतलं. पुढच्या भाद्रपदात ही कोठी नागपुरात भरायची होती. श्यामसुंदर खड्यांपेक्षा गहूच जास्त फेकतोय असं वाटत होतं, पण तो आजोबाबद्दल पुन्हा बोलायला लागला होता. सॅक्रामेंटोनं त्याला ठेवूनही डावरा मिळवता येईल का, तिसरा एखादा संघ मधे घातला तर? अच्युत म्हणत होता, तिसरा संघ आला की घोटाळा होतो. दादा म्हणत होता, आजच नाही का आला तिसरा, सुमेधा मधे बोलली तेव्हाच सुटलं.

सूप रिकामं झालं. सत्यभामाबाईंनी गहू कापडी पिशवीत भरले, पिशवीचं तोंड आवळून बांधलं, दारातल्या चपला पायात सरकवल्या. श्यामसुंदरनं वर पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, 'मी येऊ का' एवढे शब्द जिभेवर आलेले त्यांना स्पष्ट दिसले. त्यानं तोंड मिटलं आणि खाली बघून पसरलेलं लुगडं झटकायला लागला.

गाडीच्या बाजूनं त्या फाटकाबाहेर पडल्या. पिशवी जड होती, त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली. चौकातल्या चक्कीवर गहू दळायला टाकायचे होते.